तुलना, तिचा आधार आणि ‘अधिक’ हा शब्द

१

काही वर्षांपूर्वी एका अंतर्गत चाचणीच्या उत्तरपत्रिका मी कट्ट्याच्या घरी बसून तपासत होतो. अभ्यासक्रमातील दोन कथांची तुलना करा, असा प्रश्न होता. एका विद्यार्थिनीने लिहिले होते : ‘पहिल्या कथेहून दुसरी कथा साधी आहे.’ मी ‘साधी’ या शब्दाआधी काकपद घालून वर ‘अधिक’ असे लिहिले आणि अर्धा गुण कापला. उत्तरपत्रिका परत दिल्या तेव्हा ती मुलगी टेबलाशी थांबली. म्हणाली, ‘सर, दुसरी कथा साधी नाहीच. पहिलीहून साधी, एवढंच मला म्हणायचं होतं. तुम्ही अधिक घातलंत, तर दोन्ही कथा साध्या झाल्या.’ प्रमाण लेखनात ‘अधिक’ लागते, असे काहीतरी उत्तर मी त्या वेळी दिले. ते उत्तर चुकीचे होते. अर्धा गुण मी परत दिला नाही, याची खंत आजही आहे; परंतु त्याहून मोठी खंत ही, की मराठी तुलनावाक्याची रचना त्या मुलीला कानाने ठाऊक होती आणि मला ती पाठ्यपुस्तकाने विसरायला लावली होती.

प्रस्तुत टिपणात त्या अर्ध्या गुणाचा हिशेब मांडावयाचा आहे. इंग्रजी भाषक तुलनेला जोर देण्यासाठी क्रियाविशेषणांचा उपयोग कसा करतात, मराठी तोच जोर कोठे ठेवते, आणि इंग्रजीची रीत मराठीवर चढवल्यामुळे आपल्या समीक्षालेखनाचे नेमके काय बिघडते, असे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. भाषाशुद्धीची चळवळ पुन्हा सुरू करावी, असा हेतू नाही. तुलना करणाऱ्याने ‘कशाहून?’ या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे, एवढेच सांगावयाचे आहे.

२

इंग्रजीत विशेषणाच्या तीन अवस्था रूपानेच वेगळ्या असतात. ‘गुड’, ‘बेटर’, ‘बेस्ट’ ही उदाहरणे शाळेपासून सर्वांच्या परिचयाची आहेत. या तीन अवस्थांना जोर देणारे शब्द मात्र एकच नाहीत, हे आपल्याकडील विद्यार्थ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. ‘व्हेरी गुड’ चालते. ‘व्हेरी बेटर’ चालत नाही. तेथे ‘मच बेटर’ किंवा ‘फार बेटर’ असे म्हणावे लागते. बोलण्यात ‘अ लॉट बेटर’ येते, आणि अमेरिकी बोलीतून पसरलेले ‘वे बेटर’ आता सर्वत्र ऐकू येते. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत, पण दुसरी त्याहून पुढची आहे, असे सुचवायचे असल्यास ‘ईव्हन बेटर’ किंवा ‘स्टिल बेटर’ म्हणतात.

या भेदामागे कारण आहे. ‘व्हेरी’ हा शब्द मुळात ‘खरा’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला. तो एकाच वस्तूच्या एकाच गुणावर भर देतो. ‘मच’ हा शब्द परिमाणाचा आहे, ‘फार’ अंतराचा, आणि ‘वे’ हाही दूर जाण्याच्या कल्पनेतून आलेला. म्हणजे तुलनेपूर्वी येणारे हे शब्द गुणाचे वर्णन करीत नाहीत. दोन वस्तूंमधील अंतर किती, ते सांगतात. अंतर म्हटले की दोन टोके आली. ‘मच’ ऐकताच श्रोत्याच्या मनात दुसऱ्या टोकाची जागा तयार होते. ड्वाइट बोलिंजर यांनी १९७२ साली इंग्रजीतील अशा मात्रावाचक शब्दांवर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला, यावरून हा विषय त्या भाषेत किती गुंतागुंतीचा आहे, याची कल्पना यावी.

वर्गात या ठिकाणी एक गंमत नेहमी होते. इंग्रजी ‘फार बेटर’ आणि मराठी ‘फार चांगले’ यांतील ‘फार’ एकच आहे, असे निम्म्या वर्गाला वाटते. दोहोंचा काहीही संबंध नाही. इंग्रजी ‘फार’चा अर्थ ‘दूर’. मराठी ‘फार’ हा संस्कृत ‘स्फार’पासून, म्हणजे ‘विस्तीर्ण’ या अर्थापासून आला. परंतु या योगायोगाने झालेला घोटाळा बोधप्रद आहे. मराठी ‘फार’ हा ‘फार मोठा’ या साध्या विधानातही येतो आणि ‘त्याच्यापेक्षा फार मोठा’ या तुलनेतही येतो. इंग्रजीने दोन कामांसाठी दोन शब्द ठेवले. मराठीने एकच ठेवला. म्हणूनच आपला विद्यार्थी ‘व्हेरी बेटर’ लिहितो, आणि ‘अधिक चांगले’ हे मनात असल्यामुळे ‘मोअर बेटर’ही लिहितो. शेक्सपिअरच्या काळातील इंग्रजीत अशी दुहेरी तुलना चालत असे. पुढे व्याकरणकारांनी ती त्याज्य ठरवली. विद्यार्थ्याची ही चूक अडाणीपणाची नसून मराठी रचनेची सावली आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

३

मराठीत विशेषण तुलनेसाठी रूप बदलत नाही. ‘मोठा’ हा शब्द एकट्याने आला काय आणि तुलनेत आला काय, ‘मोठा’च राहतो. मग तुलना कळते कशावरून? आधारावरून. ज्याच्याशी तुलना करावयाची त्या नामाला ‘हून’, ‘पेक्षा’ किंवा ‘परीस’ लागते आणि तेवढ्याने तुलना पूर्ण होते. ‘पेक्षा’च्या मुळाशी संस्कृत ‘अपेक्षा’ आहे. एकाच्या अपेक्षेने दुसऱ्याकडे पाहणे, हा त्यातला भाव. ‘हून’ हा तर पंचमीचा प्रत्यय. ‘मी कट्ट्याहून मालवणास निघालो’ आणि ‘कट्ट्याहून मालवण मोठे’ या दोन वाक्यांत प्रत्यय तोच आहे. पहिल्या वाक्यात कट्टा हे प्रवासाचे निघण्याचे ठिकाण आहे, दुसऱ्यात तुलनेचे. संस्कृतातही तुलनेचा आधार पंचमीत येतो. लिऑन स्टासेन यांनी १९८५ साली जगातील अनेक भाषांतील तुलनारचनांचे जे वर्गीकरण केले, त्यात अपादानावर उभ्या असलेल्या भाषांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. इंग्रजी त्या वर्गात बसत नाही. तिची तुलना ‘दॅन’ या वेगळ्या अव्ययावर चालते.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. प्रवासाला निघावयाचे तर कोठून निघालो ते सांगावेच लागते. मराठीच्या मूळ रचनेत आधार वगळला, तर तुलना उरतच नाही. उरते ते साधे विधान. ‘मालवण मोठे’ या वाक्यात कोणतीही तुलना नाही. इंग्रजीत मात्र ‘बिगर’ एवढा एकच शब्द उच्चारला तरी तुलना झाल्याचा भास होतो, कारण तुलनेचा प्रत्यय विशेषणालाच चिकटलेला असतो.

कट्ट्याच्या बाजारात मासळी घेताना जी मालवणी ऐकू येते, तीतही हीच शिस्त आहे. ‘कालच्या बांगड्यापरास आजचो बांगडो बरो’ असे म्हटले जाते. मालवणीत प्रवासासाठी ‘खंयसून इलंस?’ यातील ‘सून’ आणि तुलनेसाठी ‘परास’ अशी दोन साधने वेगळी आहेत. ‘परास’चे नाते एकीकडे गोव्याच्या कोंकणीतील ‘परस’शी, तर दुसरीकडे देशावरील ग्रामीण बोलींतील ‘परीस’शी दिसते. परंतु साधन कोणतेही असो, ते कालच्या बांगड्याला लागते, ‘बरो’ला लागत नाही. आणि ‘बरो’ म्हटल्याने आजचा बांगडा उत्तम आहे, अशी ग्वाही विकणारी बाई देत नाही. कालच्यापेक्षा बरा, एवढीच तिची हमी असते. त्या विद्यार्थिनीने आपल्या उत्तरात दिलेली हमीही एवढीच होती.

४

आता जोराचा प्रश्न. मराठीला तुलनेवर जोर द्यावयाचा असतो तेव्हा ती काय करते? माझ्या पाहण्यात चार मार्ग प्रमुख आहेत.

पहिला मार्ग मापाचा. ‘दुप्पट’, ‘दसपटीने’, ‘कितीतरी’, ‘पुष्कळ’ हे शब्द सर्वांना ठाऊक आहेत. परंतु मराठीचे खरे वैभव ‘भर’ लागणाऱ्या शब्दांत आहे : ‘काकणभर सरस’, ‘बोटभर उंच’, ‘तसूभरही कमी नाही’. ‘शेरास सव्वाशेर’ ही म्हण तर तुलनेचे अंतर वजनातच मोजून देते. इंग्रजी ‘मच’ आणि ‘अ लिट्ल’ जे काम अमूर्तपणे करतात, ते येथे हातातले काकण, बोट, तसू आणि शेर करतात. ‘काकणभर सरस’ यात एक सूक्ष्म न्यायही आहे. एकाला सरस ठरवताना दुसरा फार मागे नाही, हे त्याच श्वासात कबूल केलेले असते.

दुसरा मार्ग ‘ही’ या अव्ययाचा. इंग्रजीत ‘ईव्हन’ हे क्रियाविशेषण ‘बेटर’पूर्वी येते, मराठीत ‘ही’ आधाराला लागते. ‘त्याहूनही चांगला’ असे आपण म्हणतो. ‘तो चांगला आहेच, हा त्याच्याही पुढचा’ हा संपूर्ण आशय त्या एका अक्षरात येतो. जोर येथे गुणावर पडलेला नाही, आधाराचे मोठेपण मान्य करण्यावर पडला आहे.

तिसरा मार्ग आधाराची उंची वाढवण्याचा. मोठेपणा सांगण्यासाठी क्रियाविशेषण शोधण्याऐवजी मराठी मोठा आधार शोधते. ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात मराठी बोलांची थोरवी सांगितली, तेव्हा ‘अत्यंत गोड’ असे शब्द वापरले नाहीत. ते बोल अमृताशी पैज लावून जिंकतील, असे म्हटले. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोलला छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त मराठीची स्तुती करताना फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष असा एकेक समूह घेतला आणि त्या समूहातील श्रेष्ठ ते निवडून भाषेच्या शेजारी ठेवले. दोन्ही ठिकाणी जोर आहे, आणि तो आधाराच्या निवडीतून आला आहे. आपल्या साहित्यशास्त्रातील व्यतिरेक अलंकार हाच विचार शास्त्रीय भाषेत सांगतो. व्यतिरेकात उपमेय उपमानाहून वरचढ ठरते. म्हणजे उपमानाशिवाय व्यतिरेकाला जागाच नाही. इंग्रजीच्या क्रियाविशेषणांची मराठीतील जोडी शोधायची, तर ती व्याकरणाच्या पुस्तकाइतकीच अलंकारांच्या प्रकरणातही शोधावी लागेल.

चौथा मार्ग दोन वस्तू दोन टोकांना उभ्या करण्याचा. ‘कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभट्टाची तट्टाणी’ या म्हणीत एकही तुलनावाचक शब्द नाही, आणि तरीही तिच्याइतके मोठे अंतर कोणत्याही क्रियाविशेषणाने साधणार नाही. इंग्रजी ‘फार’ आणि मराठी ‘कुठे–कुठे’ यांची कल्पना एकच आहे : भेद म्हणजे अंतर. इंग्रजीने ते अंतर एका शब्दात भरले. मराठीने दोन्ही टोके दाखवून ते श्रोत्याला डोळ्यांनी मोजू दिले.

या चारही मार्गांत एक गोष्ट समान आहे. आधाराचे नाव घेतल्याशिवाय किंवा तो आधीच्या वाक्यातून स्पष्ट असल्याशिवाय यांपैकी एकही मार्ग चालत नाही.

५

मग ‘अधिक’चे काम काय? त्यासाठी ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण तपासून पाहावी. वीट मऊ असते असे ही म्हण म्हणत नाही. किंबहुना दगड आणि वीट दोन्ही कठीण आहेत, हे गृहीत असल्यामुळेच तिच्यात अर्थ आहे. आता ‘दगडापेक्षा वीट अधिक मऊ’ असे म्हणून पाहावे. म्हण मोडते. दगड मऊ आहे आणि वीट त्यात भर घालते आहे, असा चमत्कारिक अर्थ निदान जुन्या कानाला जाणवतो. ‘नाही मामापेक्षा काणा मामा बरा’ येथेही तसेच. ‘चहापेक्षा किटली गरम’ ही अलीकडची म्हण हिंदीत ‘ज़्यादा’ घेऊन येते. मराठीत ती त्या शब्दावाचून सहज उभी राहते.

याचा अर्थ असा, की मराठीत नुसते ‘पेक्षा’ वापरले तर दोन वस्तूंचा क्रम लागतो, त्यांपैकी कोणालाही तो गुण बहाल केला जात नाही. ‘अधिक’ घातले, की तो गुण दोघांनाही मिळण्याकडे अर्थ झुकतो. एडवर्ड सपीर यांनी १९४४ सालच्या मात्रांकनावरील आपल्या निबंधात मोठे-लहान ठरवण्याआधी माणूस ‘याहून मोठे’, ‘याहून लहान’ असा क्रम लावतो, असे प्रतिपादन केले होते. मराठीचे ‘पेक्षा’ त्या मूळच्या क्रमाशी प्रामाणिक आहे. इंग्रजी ‘सॉफ्टर’ही तसेच आहे, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे, ‘सॉफ्टर’ म्हटल्याने वस्तू मऊ ठरत नाही. म्हणून ‘सॉफ्टर’चे भाषांतर ‘अधिक मऊ’ असे करणारा भाषांतरकार शब्दाला शब्द देतो, पण अर्थ वाढवून देतो. ‘अधिक मऊ’ची खरी जोडी ‘ईव्हन सॉफ्टर’शी लागते.

हे ‘अधिक’ एवढे अनिवार्य कसे झाले? याचे उत्तर आपल्या शिक्षणाच्या इतिहासात आहे. विल्यम कॅरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ साली सेरामपूरला निघाले, दादोबा पांडुरंगांचे १८३६ साली. तेव्हापासून मराठी व्याकरणाला संस्कृत आणि इंग्रजी या दोन साच्यांतून वाट काढावी लागली आहे. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ या ग्रंथात या साच्यांची जी चिकित्सा केली, ती आपण पदव्युत्तर वर्गात शिकवतो. परंतु शाळेच्या वर्गात इंग्रजी शिकताना ‘बिग – मोठा, बिगर – अधिक मोठा, बिगेस्ट – सर्वांत मोठा’ असा तक्ता आजही पाठ होतो. इंग्रजीच्या शिक्षकाने तो सोयीसाठी दिलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाल्यावर तो मराठीचाच नियम वाटू लागतो, आणि मग माझ्यासारखा मराठीचा शिक्षक त्याच्या आधारे गुण कापतो.

संस्कृतच्या साच्याचेही असेच झाले. पाणिनीच्या ‘तरप्’ आणि ‘तमप्’ प्रत्ययांचे ‘तर’ आणि ‘तम’ आपण तत्सम शब्दांसह घेतले. गणितात ‘लघुतम’ आणि ‘महत्तम’ यांना नेमके काम आहे. परंतु बोलत्या मराठीत हे प्रत्यय जिवंत राहिले नाहीत. ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘श्रेष्ठ’, ‘उत्तम’ हे मुळात पराकाष्ठा दाखवणारे शब्द आपण साधी विशेषणे म्हणून वापरतो आणि वर ‘त्याच्याहून श्रेष्ठ’ असेही सहज म्हणतो. ‘प्रियतम’ म्हणताना इतर प्रिय जनांची आठवणही होत नाही. संविधानाच्या हिंदी पाठात ‘उच्चतम न्यायालय’ आहे; मराठीत आपण ‘सर्वोच्च न्यायालय’ म्हणतो. मराठीने येथे प्रत्ययाऐवजी ‘सर्व’ हा आधारच शब्दात बांधून घेतला, ही गोष्ट तिच्या स्वभावाला धरून आहे. उलट ‘अधिक श्रेष्ठतर’, ‘सर्वांत श्रेष्ठतम’, ‘सर्वाधिक मोठा’ हे प्रयोग ज्या लेखनात आढळतात, ते लेखन आधारावरचा विश्वास गमावून बसले आहे, असे समजावे.

६

येथवरचा विचार व्याकरणाचा झाला. परंतु या नियतकालिकाच्या वाचकांशी त्याचा जवळचा संबंध समीक्षेच्या अंगाने येतो.

तीन वाक्ये पाहू. ‘केशवसुतांहून मर्ढेकर आधुनिक आहेत.’ ‘केशवसुतांहूनही मर्ढेकर आधुनिक आहेत.’ ‘केशवसुतांपेक्षा मर्ढेकर अधिक आधुनिक आहेत.’ घाईने वाचणाऱ्याला ही तिन्ही वाक्ये एकच वाटतील. पहिले वाक्य केवळ क्रम लावते. केशवसुत आधुनिक होते की नव्हते, याविषयी ते मौन पाळते. दुसरे वाक्य केशवसुतांची आधुनिकता हे मान्य माप म्हणून स्वीकारते आणि मर्ढेकरांना त्याच्या पलीकडे नेते. तिसरे वाक्य दोघांनाही एकाच आधुनिकतेत बसवते आणि फरक फक्त प्रमाणाचा आहे, असे सुचवते. परंतु केशवसुतांचे (१८६६–१९०५) नवेपण आणि मर्ढेकरांचे (१९०९–१९५६) नवेपण यांतील फरक प्रमाणाचा आहे की जातीचा, हाच तर आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. ‘अधिक’ लिहिणाऱ्याने तो प्रश्न विचारण्याआधीच सोडवून टाकलेला असतो, आणि आपण तसे केले आहे याची त्याला कल्पनाही नसते.

याहून गंभीर प्रकार आधार गाळलेल्या तुलनेचा आहे. ‘या संग्रहातील कविता अधिक प्रगल्भ आहे.’ ‘लेखिकेची जाणीव अधिक सूक्ष्म होत गेली आहे.’ ‘हे नाटक अधिक सकस अनुभव देते.’ अशी वाक्ये आपल्या परीक्षणांतून, प्रबंधांतून आणि मौखिक परीक्षेतील उत्तरांतून सतत भेटतात. कशाहून अधिक? आधीच्या संग्रहाहून, समकालीनांहून, की परीक्षकाच्या अपेक्षेहून? बहुतेक वेळा लिहिणाऱ्यालाही ते माहीत नसते. ‘प्रगल्भ’ म्हणण्याचे धाडस नसते आणि तुलना सिद्ध करण्याचे कष्टही नको असतात. मग ‘अधिक’ हा शब्द दोहोंच्या मधली सुरक्षित जागा देतो. जाहिरातीतील ‘अधिक शुभ्र’ आणि समीक्षेतील ‘अधिक प्रगल्भ’ यांची रचना एकच आहे. ग्राहकाने ‘कशाहून शुभ्र?’ असे विचारू नये, हाच जाहिरातीचा हेतू असतो. समीक्षकाचा हेतू तसा नसतो, पण परिणाम तोच होतो.

प्रस्तुत लेखकही यातून सुटलेला नाही. माझे जुने लेख चाळताना अशी आधारहीन ‘अधिक’ इतकी सापडली, की त्यांतील काही वाक्ये आता मला स्वतःलाच उलगडत नाहीत. ‘कितीतरी अधिक परिणामकारक’ असे एका ठिकाणी लिहिले आहे. ते कशाहून, हे आज मीही सांगू शकत नाही. ‘कितीतरी’ने जोर वाढला, अंतर मोजायला दुसरे टोक मात्र कोठेच नव्हते.

७

या भूमिकेवर काही आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. ‘अधिक’ हा जुना शब्द आहे. त्याला इंग्रजीचा दत्तक मुलगा ठरवता येणार नाही. ‘अधिक पाऊस’, ‘अधिक महत्त्व’ अशा परिमाणवाचक जागी तो हवाच. ‘अधिक महिना’ तर पंचांगातच आहे. ‘उपयुक्त’, ‘संदिग्ध’, ‘परिणामकारक’ यांसारख्या लांब तत्सम विशेषणांपूर्वी तो कानाला आधार देतो, हेही खरे. आधार आधीच्या वाक्यात येऊन गेला असेल, तर त्याची पुनरुक्ती न करता ‘अधिक’वर काम भागवणे हा लेखनातील सोयीचा मार्ग आहे. ‘जास्त’ हा अरबी-फारसीतून आलेला त्याचा सोबती बोलण्यात सर्वत्र रूढ आहे. भाषा बदलते, आणि ‘पेक्षा अधिक’ ही रचना आज इतकी रुळली आहे, की पुढच्या पिढीला तीत गुणाची भर जाणवणारही नाही. तसे झाले तर व्याकरणकाराने ते मुकाट्याने नोंदवावे.

माझा आग्रह दोनच गोष्टींचा आहे. पहिली अशी, की ‘हून’ किंवा ‘पेक्षा’ने पूर्ण झालेल्या वाक्यात ‘अधिक’ नाही म्हणून ते अशुद्ध ठरवू नये. सिंधुदुर्गातील विद्यार्थी घरी ‘परास’ वापरतो आणि वर्गात ‘पेक्षा’ लिहितो. त्याची तुलनेची जाण घरीच पक्की झालेली असते. त्या जाणिवेवर पाठ्यपुस्तकातील तक्ता लादून आपण त्याला प्रमाणभाषेच्या नावाखाली गोंधळात टाकतो. दुसरी गोष्ट अशी, की प्रबंध आणि परीक्षणे तपासताना प्रत्येक ‘अधिक’पाशी थांबून आधार विचारावा. आधार सापडला तर बहुधा ‘अधिक’ गाळता येते. आधार सापडला नाही तर संपूर्ण वाक्य गाळावे लागेल, आणि त्याने समीक्षेचे काही नुकसान होणार नाही.

इंग्रजीच्या अभ्यासकांनाही यातून काही मिळण्यासारखे आहे. ‘मच’, ‘फार’, ‘ईव्हन’ यांचे भाषांतर ‘फारच’, ‘खूपच’, ‘अधिकच’ असे ठोकळेबाज करण्याऐवजी त्या त्या ठिकाणी मराठी काय करील, याचा शोध विद्यार्थ्यांकडून घ्यावा. ‘अ लिट्ल बेटर’ला ‘काकणभर सरस’ सुचले, ‘ईव्हन बेटर’ला ‘त्याहूनही चांगले’ सुचले, आणि ‘फार बेटर’ला एखाद्याने ‘कुठे हे आणि कुठे ते’ असे लिहिले, तर त्याला दोन्ही भाषा कळल्या, असे मी मानीन.

ती विद्यार्थिनी पुढे शिक्षिका झाली. कट्ट्याच्या बाजारात ती मध्यंतरी भेटली, तेव्हा मी त्या अर्ध्या गुणाची आठवण काढली. तिला ती गोष्ट आठवत नव्हती. मुलांना काय शिकवतेस, असे विचारले तेव्हा म्हणाली, ‘सर, इंग्रजीचा तक्ता शिकवते, तोच पुस्तकात आहे.’ बिगर म्हणजे अधिक मोठा, हे आता तिच्याही वहीत आहे. ते पुसण्याचे काम तिचे एकटीचे नाही. ज्यांनी तिच्या उत्तरपत्रिकेवर ते लाल शाईने लिहिले, त्यांचे ते आधी आहे.